परतीचा दोर : वायरमनच्या धैर्याविषयी

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? बरं.

आयोजकांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "वायरमन." पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सर, तुम्ही तर तत्त्वज्ञानाचे. आम्हाला वाटलं गीता नाहीतर बुद्ध असं काही घ्याल." मी चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं हे खरं. पण धैर्य म्हणजे काय, हा तत्त्वज्ञानातला एक फार जुना प्रश्न आहे. आणि मला त्याचं उत्तर, म्हणजे उत्तराच्या सगळ्यात जवळचं काहीतरी, पुस्तकात मिळालं नाही. ते इथं म्हसळ्यात, आमच्या वाडीतल्या एका खांबाखाली मिळालं. त्यामुळे आज तोच विषय. इतिहास सांगेन, थोडं तत्त्वज्ञान सांगेन, आणि माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगेन. ती चूक सांगायची म्हणूनच खरं तर आलोय.

३ जून २०२०, बुधवार. तारीख तुम्हाला सांगायची गरज नाही. निसर्ग चक्रीवादळ दुपारी बाराच्या पुढे आपल्या किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोतात १३०. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूड, आपला सगळा पट्टाच त्याच्या वाटेत. आपल्या आजोबा-पणजोबांनी लावलेल्या पोफळी दोन-तीन तासांत आडव्या झाल्या. घरांवरची कौलं आणि पत्रे कुठच्या कुठे गेले. संध्याकाळी वारा पडला, आम्ही बाहेर आलो, तर रस्त्याच्या कडेचे विजेचे खांब कुणी उसाच्या कांड्या मोडाव्यात तसे मोडून पडलेले. तारा झाडांत, झाडं तारांत. जिल्ह्यात असे हजारो खांब पडले. वर करोनाची टाळेबंदी. मुंबईहून चाकरमानी आलेले, घरात माणसं भरपूर, आणि लाईट नाही. आमच्या घरी लाईट यायला एकोणतीस दिवस लागले. तुमच्यापैकी काहींच्या घरी त्याहून जास्त.

या एकोणतीस दिवसांकडे मी परत येणार आहे. पण आधी थोडं मागे जाऊ या, कारण आपल्या जिल्ह्याचं आणि विजेचं नातं फार जुनं आहे, आणि थोडं विचित्रही आहे.

आपण म्हणतो, कोकणात वीज उशिरा आली. हे अर्धंच खरं. वीज कोकणात जन्मली लवकर, आपल्या घरात आली उशिरा. जमशेटजी टाटांच्या मनात पश्चिम घाटाच्या पावसापासून वीज करायची कल्पना होती. ते १९०४ मध्ये गेले, पण त्यांच्या मुलांनी ती पुरी केली. १९१० मध्ये कंपनी निघाली. लोणावळ्याच्या माथ्यावर तलाव बांधले, पाणी मोठाल्या लोखंडी नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली आणलं आणि बोर घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला, १९१५ मध्ये वीज सुरू झाली. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी. त्यानंतर १९२७ मध्ये भिरा, म्हणजे माणगावाहून ताम्हिणीकडे जाताना लागतं ते. खोपोली, भिवपुरी, भिरा : तिन्ही आजच्या रायगड जिल्ह्यात.

आणि ही वीज गेली कुठे? मुंबईला, गिरण्यांना. डोंगर ओलांडत, शेतांवरून, वाड्यांवरून तारा गेल्या. खाली कंदील, वर तारा. भिऱ्याच्या विजेसाठी घाटमाथ्यावर मुळशीचं धरण झालं. त्यात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ मध्ये तिथं सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी त्याच लढ्यानं दिली. म्हणजे विजेची किंमत आपल्या भागातल्या माणसांनी पहिल्या दिवसापासून मोजलेली आहे. आपलं म्हसळं तेव्हा ब्रिटिश मुलखातही नव्हतं. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा सारा जंजिरा संस्थानाचा भाग. ते संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं.

आणखी एक माणूस सांगतो, ज्याचं नाव आपण या जिल्ह्यात वेगळ्या कारणानं घेतो. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, म्हणजे भिरा सुरू झालं त्याच वर्षीचा. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. फार थोड्यांना ठाऊक असतं की देशाच्या वीजधोरणाचा विषय तेव्हा याच खात्याकडे होता. १९४३ मध्ये त्यांनी या विषयावर जे भाषण केलं, त्याचा रोख असा की स्वस्त आणि मुबलक वीज मिळाल्याशिवाय देशाचं औद्योगिकीकरण होणार नाही आणि त्याशिवाय गरिबी हटणार नाही. मला त्यात लक्षात राहिलेली गोष्ट वेगळी आहे. कामगार आणि वीज या दोन फायली त्या काळी एकाच टेबलावर होत्या. वीज म्हटली की ती हाताळणारा माणूसही आठवावा, अशी ती व्यवस्था होती, निदान कागदावर. पुढे त्या फायली वेगळ्या झाल्या. आपल्या डोक्यातही वेगळ्या झाल्या.

महाराष्ट्र राज्य झालं १९६० मध्ये, आणि त्याच वर्षी राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. एमएसईबी. आपण 'बोर्ड' म्हणतो. २००५ मध्ये त्या बोर्डाच्या वेगळ्या कंपन्या झाल्या, महानिर्मिती, महापारेषण, महावितरण. पण आजही लाईट गेली की आपण म्हणतो, "बोर्डात फोन लावा." आणि फोनवर विचारतो, "वायरमन येतोय का?" त्याच्या पदाची नावं बदलली. तंत्रज्ञ झालं, जनमित्र झालं. आपल्या तोंडी तो वायरमनच राहिला. मीही आज तेच म्हणणार आहे.

मी शाळेत असताना आमच्या वाडीत पहिल्यांदा खांब आले. वायरमन खांबावर चढला की आम्ही पोरं खाली जमायचो. खाकी कपडे, कमरेला पट्टा, पट्ट्यात पकड. तो वर जायचा तसतशी आमची मान मागे मागे जायची. आम्हाला वाटायचं, हा माणूस घाबरत नाही. पुढची पन्नास वर्षं मी तेच समजत होतो, की त्याचं मोठेपण न घाबरण्यात आहे. ते चूक होतं. कसं, ते सांगतो.

त्यासाठी जरा लांब, न्यूयॉर्कला जाऊ. ११ ऑक्टोबर १८८९. त्या काळी तिथल्या रस्त्यांवर तारांचं जाळं इतकं दाट होतं की आभाळ नीट दिसायचं नाही. तारायंत्राच्या तारा, टेलिफोनच्या तारा, दिव्यांच्या तारा. जॉन फीक्स नावाचा एक लाईनमन भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या गर्दीत, तारायंत्राच्या तारा काढायला खांबावर चढला. तारायंत्राच्या तारेत धोका नसतो, हे त्याला ठाऊक होतं. पण तिथून काही अंतरावर, त्याला दिसणारही नाही अशा जागी, ती तार दिव्यांच्या जबरदस्त दाबाच्या तारेला टेकली होती. त्यानं हात लावला आणि तो तिथंच अडकला. खाली हजारो माणसं जमली. त्याचा देह बराच वेळ तारांत लटकत राहिला आणि लोक पाहत राहिले. मग लोकांनी खांबाला डबा ठोकून त्याच्या विधवेसाठी पैसे गोळा केले. शहर हादरलं. वर्ष संपायच्या आत खांब पाडायला सुरुवात झाली आणि तारा जमिनीखाली जाऊ लागल्या.

यातलं एक वाक्य लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे : त्याला मारणारी चूक त्याच्या खांबावर नव्हती. ती दुसरीकडे होती, जिथं त्याची नजर पोहोचत नव्हती.

दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, अमेरिकेत सेंट लुईसला लाईनमननी आपली देशव्यापी संघटना उभारली. तिचा पहिला अध्यक्ष हेन्री मिलर, स्वतः लाईनमन. मेलेल्या सभासदाच्या अंत्यविधीला पैसे देणं हे त्या संघटनेच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. यावरून धंद्याची कल्पना यावी. आणि तो मिलर? तोही १८९६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये रात्री लाईनवर काम करताना झटका बसून खाली पडला आणि गेला.

आता सगळा प्रश्न असा, की असा माणूस आणि सर्कशीतला झुलेवाला यांच्यात फरक काय? दोघंही उंचावर, दोघांकडेही आपण मान वर करून बघतो.

इथं मला प्लेटो आठवतो. त्याचा 'लाखेस' नावाचा एक छोटा संवाद आहे. सॉक्रेटिस दोन सेनापतींशी बोलतोय, विषय एकच : धैर्य म्हणजे काय? लाखेस हा सरळ सैनिकी माणूस. तो म्हणतो, जो आपली जागा सोडत नाही, पळत नाही, तो धीराचा. सॉक्रेटिस त्याला विचारतो, सिथियन घोडेस्वार तर मागे हटत हटत लढतात, मग ते भित्रे का? पुढे तो एक उदाहरण घेतो, विहिरीत बुडी मारणाऱ्याचं. एकाला बुडी मारता येते, दुसऱ्याला येत नाही, तरी दोघं उतरतात. जास्त धीराचा कोण? लाखेस पटकन म्हणतो, ज्याला येत नाही तो. आणि मग त्याच्याच लक्षात येतं, हा तर मूर्खपणा झाला. दुसरा सेनापती निकियास म्हणतो, धैर्य म्हणजे एक ज्ञान आहे : कशाला भ्यावं आणि कशाला भिऊ नये, याचं. संवाद शेवटी अनिर्णित राहतो. मी तीस वर्षं तो वर्गात शिकवला. दरवर्षी शेवटी मुलांना सांगायचो, उत्तर मिळत नाही, प्रश्न महत्त्वाचा. घंटा व्हायची, आम्ही चहाला जायचो.

आता एकोणतीस दिवसांकडे परत येतो.

वादळानंतर पहिले काही दिवस रस्ते मोकळे करण्यात गेले. मग घाटावरून वीज कर्मचाऱ्यांची पथकं येऊ लागली. घरदार सोडून, करोनाच्या दिवसांत, शाळेच्या खोल्यांत झोपून. काम कसं असतं ते मी रोज ओट्यावर बसून पाहत होतो. मोठ्या लाईनचा खांब साधारण नऊ मीटर. त्यातला दीड मीटर जमिनीत गाडायचा. आपल्याकडे जमीन म्हणजे जांभा, खाली कातळ. पहारीनं खड्डा खणायलाच अर्धा दिवस. क्रेन मोठ्या रस्त्यापर्यंत. वाडीत खांब न्यायचा तर दहा-बारा माणसांच्या खांद्यावर, पायवाटेनं. मधेच पाऊस सुरू झालेला. खड्ड्यात पाणी भरायचं, ते उपसून पुन्हा खणायचं. वर चढून तार ओढणं हा सगळ्या कामाचा शेवटचा, छोटासा भाग. आपण फोटो त्याचा काढतो.

आणि त्या शेवटच्या भागाच्याही आधी एक काम असतं, जे आपल्याला दिसतच नाही. लाईन बंद घेणं. उपकेंद्रातल्या ऑपरेटरशी बोलायचं, फीडर बंद करून घ्यायचा, नोंद करायची, परमिट घ्यायचं. जागेवर येऊन एबी स्विच उघडायचा. तार मेली आहे याची खात्री करायची. मग तिला साखळीनं जमिनीशी जोडायचं, म्हणजे चुकून कुठून करंट आलाच तर तो जमिनीत जाईल. काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना. मग पट्टा, हातमोजे, आणि मग चढायचं. खाली एक माणूस उभा, त्याचं काम फक्त वर बघत राहणं. आणि काम झाल्यावर सगळी माणसं खाली उतरली हे मोजल्याशिवाय 'लाईन चालू करा' हा निरोप जात नाही.

अकराव्या दिवशी आमच्या वाडीत पथक आलं. आदल्या संध्याकाळी माझ्या भाच्यानं माणगावाहून एक छोटा जनरेटर आणून दिला होता. फोन चार्ज करायचे होते, पंप चालवायचा होता, घरात अकरा माणसं. जोडणी कशी केली? जशी अनेकांनी केली. वायरच्या दोन्ही टोकांना पिन, एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला. घरभर दिवे लागले. मेन स्विच? तो कुणी पाडला नाही. मनात एकच विचार, बाहेर लाईट आहे कुठे? तारा तर जमिनीवर लोळतायत.

एक पोरगा ओट्याशी आला. पंचवीस-सव्वीसचा असेल, बोलण्यावरून सोलापूरकडचा. म्हणाला, "काका, जनरेटर तुमचा वाजतोय का?"

मी म्हटलं, "हो. का रे?"

"मेन पाडलाय न्हवं?"

मी त्याला समजावलं! म्हटलं, "अरे, लाईन बंदच आहे. तारा तुटल्यात. मेनचा काय संबंध?"

तो चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाला, "काका, डीपी दोन्हीकडनं चालते बघा. तिकडनं अकरा हजार आले की तुम्हाला दोनशे तीस मिळतात. तसंच तुम्ही इकडनं दोनशे तीस सोडले की तिकडं अकरा हजार होतात. आमचा माणूस तिकडं वर असतो."

मंडळी, मी विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेला माणूस. माझं घर त्या तारेला जोडलेलं आहे, आणि तार दोन्ही दिशांनी जोडते, एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. न्यूयॉर्कचा तो फीक्स मला वाचून ठाऊक होता. वर्गात सांगितलाही होता. आणि त्या दिवशी, त्याच्या नजरेपलीकडची ती चूक मी स्वतः होतो. माझ्या ओट्यावर, चहाचा कप हातात घेऊन.

मी घाईनं जनरेटर बंद केला, मेन पाडला. तो म्हणाला, "काका, रागावू नका, पण कटआऊट काढून द्या." मी काढून दिला. त्यानं तो चिनीमातीचा कटआऊट घेतला, शर्टाच्या खिशात टाकला, बटण लावलं. शेजारच्या तीन घरांतही गेला, तिथलेही कटआऊट काढून घेतले. म्हणाला, "खाली उतरलो की देतो." तारेला साखळी लावलेली होतीच, नियमाप्रमाणे. तरीही. मग तो चढला.

जवळजवळ दोन तास तो वर होता. माझ्या घराचा कटआऊट त्याच्या खिशात. मी खाली उभा राहिलो, बसवेना. तेव्हा मला निकियासचं म्हणणं कळलं. कशाला भ्यावं याचं ज्ञान. हा मुलगा उंचीला भीत नव्हता, पण माझ्या घराला भीत होता, आणि ते बरोबर होतं. लहानपणापासून मी ज्याला न घाबरणं समजत होतो, ते बरोबर गोष्टीला, बरोबर वेळी, नीट घाबरणं होतं. आणि घाबरून मग जे करायचं ते सगळं करून, वर चढणं.

ॲरिस्टॉटल म्हणतो, धैर्याचं खरं क्षेत्र रणांगण, तिथला उदात्त मृत्यू. आणि हातानं राबणाऱ्या कारागिरांना आदर्श नगराचं नागरिकत्वसुद्धा द्यायला तो तयार नाही. मोठा माणूस, मी त्याच्यावर वाढलो. पण हे त्याचं मला आता पटत नाही.

आपल्याकडेही बघा. आपला जिल्हा म्हणजे कडे चढण्याच्या गोष्टींचा जिल्हा. पोलादपूरजवळ उमरठ आहे, तानाजी मालुसऱ्यांचं. १६७० मध्ये सिंहगडाची लढाई झाली. त्या कथेत तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरतात, तेव्हा सूर्याजी म्हणतो, दोर कापले आहेत. तिथून आपल्या भाषेत 'परतीचे दोर कापणं' आलं. आपण ते कौतुकानं म्हणतो. शूर म्हणजे ज्यानं परतीचे दोर कापले तो. युद्धात ते ठीकच असेल. पण रोजच्या कामाला आपण तेच माप लावतो. वायरमन पट्टा न लावता चढला की लोक म्हणतात, "काय डेअरिंग आहे!" मोबाइलवर त्याचा व्हिडिओ फिरतो. जो पट्टा लावून, साखळी टाकून, परमिटची वाट बघत अर्धा तास खाली बसतो, त्याला आपण काय म्हणतो? "कामचुकार. नुसते बसलेत. लाईट कधी येणार?"

त्याच्या कामात शौर्य आहे ते परतीचा दोर शाबूत ठेवण्यात. संध्याकाळी घरी जाणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. आपल्याच रायगडावरची दुसरी कथा आठवा, हिरकणीची. ती कडा उतरली ती कुणाला दाखवायला नाही. घरी तान्हं मूल होतं. आपला वायरमन मला सूर्याजीपेक्षा हिरकणीच्या गोत्रातला वाटतो.

आणि हा दोर कशाचा असतो? कमरेचा पट्टा त्यातला एक धागा झाला. बाकीचे धागे माणसांच्या शब्दांचे. उपकेंद्रातल्या ऑपरेटरनं फोनवर 'बंद केलं' म्हटलं, तो एक धागा. खाली उभ्या राहिलेल्या सोबत्याची नजर, तो एक. आणि आपण, तारेच्या टोकाला घर बांधून राहणारी माणसं, आपण एक. तो ज्या तारेला हात लावतो ती मेलेली आहे हे त्याला दिसत नाही. करंट दिसत नसतो. आपली तपासणी केल्यावरही उरतो तो भरवसा. डोळ्यांना न दिसणाऱ्या माणसांवर रोज ठेवायचा. मी आयुष्यभर श्रद्धा, प्रामाण्य, शब्दप्रमाण यांवर व्याख्यानं दिली. शब्दप्रमाणावर जीव ठेवून रोज आठ तास काम करणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मग कौतुक म्हणजे काय करायचं? ४ मार्चला आता लाईनमन दिवस पाळतात. चांगली गोष्ट आहे, गुलाबाचं फूल द्यावं. पण न्यूयॉर्कच्या लोकांनी डब्यात पैसे टाकले ते माणूस मेल्यावर. आपल्याला आधी काहीतरी करता आलं पाहिजे. साध्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली. ज्यांच्याकडे जनरेटर आहे त्यांनी चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून. इन्व्हर्टरची जोडणीही एकदा तपासून घ्या. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घरात असेल तर आज घरी जाऊन ती कापून टाका. आकडे टाकून वीज घेणारेही हेच करत असतात, फक्त त्यांना तो विजेचा प्रश्न वाटतो. तो कुणाच्या तरी जिवाचा आहे.

दुसरी. लाईट गेली की फोनवर 'कधी येणार' एवढंच विचारू नका. ज्या अर्ध्या तासावर आपण चिडतो, त्यात तो आपली साखळी लावत असतो. तो अर्धा तास त्याचा हक्क आहे. निवडून आलेल्यांनी आणि पेपरवाल्यांनी दबाव आणताना हेही ध्यानात ठेवावं. लवकर करा, असं ओरडणाऱ्या गर्दीनं आजवर किती दोर कापले असतील.

तिसरी गोष्ट जरा अवघड. आज देशभर या कामात कंत्राटी माणसं पुष्कळ आहेत. खांब तोच, करंट तोच, उंची तीच. पगार वेगळा, आणि काही झालं तर मागे राहणाऱ्यांना मिळणारा आधारही वेगळा. मघाशी बाबासाहेबांच्या टेबलावरच्या दोन फायली सांगितल्या. वीज आणि ती हाताळणारा माणूस. त्या पुन्हा एकत्र ठेवल्याशिवाय आपलं कौतुक हे सर्कशीतल्या टाळ्यांपुढे जात नाही. तारा जमिनीखाली नेण्याची कामंही आपल्या किनाऱ्यावर हाती घेतली गेली आहेत, अलिबागला. तीही म्हसळ्यापर्यंत यावीत अशी मागणी आपण करायला हवी. ज्या खांबावर कुणाला चढावंच लागत नाही, तो सगळ्यात चांगला खांब.

तो मुलगा खाली उतरला तेव्हा दुपार उलटून गेली होती. हात तारांच्या काळ्या तेलकट मळानं भरलेले. आमच्याकडे तो पाणी प्यायला, चहा नको म्हणाला, पुढची वाडी बाकी होती. जाता जाता खिशाचं बटण काढलं आणि चारही कटआऊट ओट्यावर मांडले. "काका, तुमचा कुठला ते बघून घ्या," म्हणाला. मला ओळखता आला नाही. सगळे सारखेच दिसत होते. त्यालाच ओळखता आला. त्या दिवशी लाईट आली नाही, वरची लाईन अजून बाकी होती, ती आणखी अठरा दिवसांनी आली. तो मुलगा मला पुन्हा भेटला नाही. त्याचं नाव मी विचारलं नव्हतं. हेही माझ्या चुकीतच धरा.

आपल्याकडे अजूनही दिवेलागणीला बटण दाबलं की हात जोडायची पद्धत आहे. माझी आजी जोडायची, माझी बायको जोडते. मी विचार करणारा माणूस म्हणवून घेत असल्यामुळे कधी जोडले नव्हते. आता जोडतो. नमस्कार कुणाला पोहोचतो ते मला नीट माहीत आहे.

एवढं बोलून थांबतो. आठ वाजत आलेत, लाईट आहे तोवर प्रश्न घेऊ या.